तेवोद्रोसला वेडा म्हणण्याआधी

आज दुपारी गप्पांत इथिओपियाचा विषय निघाला आणि एक चांगले शिकलेले गृहस्थ हसत म्हणाले, "तो तेवोद्रोस ना? इंग्लंडच्या राणीने पत्राला उत्तर दिलं नाही म्हणून रुसलेला वेडा राजा!" सगळे हसले. मी चहा तसाच टाकून उठले. अजून डोकं थंड झालेलं नाही.

आमचे अण्णा निवृत्तीनंतर थकलेल्या पैशांसाठी एका कार्यालयाला पत्रं लिहीत. रजिस्टरने, पोचपावतीसकट. रोज अकरा वाजता धुतलेला सदरा घालून ओट्यावर पोस्टमनची वाट बघत बसायचे. सव्वा वर्ष! ज्याच्या घरात कुणी असं बसलेलं नाही, त्याने तेवोद्रोसला हसू नये.

कोण होता हा? क्वारा नावाच्या सीमेवरच्या मुलखातला; मूळ नाव कासा. याची आई जंतावरचं औषध विकते म्हणून वैरी हिणवायचे. सरदारांच्या भांडणात बादशाही नावापुरती उरली होती. एकेकाला हरवत १८५५ साली तो सम्राट झाला. गुलामांचा व्यापार थांबवायला निघाला, आपल्याच देशात तोफा ओतवल्या. सेवास्तोपोल नावाची सात टनांची तोफ, रस्ते खोदत, माणसांनी ओढत मकदालाच्या डोंगरी गडापर्यंत आणली. १८६२ मध्ये त्याने व्हिक्टोरिया राणीला लिहिलं: मैत्री करू, माझे दूत पाठवतो. पत्र लंडनला पोचलं आणि परराष्ट्र खात्यात पडून राहिलं.

१८६४ मध्ये त्याने ब्रिटिश वाणिज्यदूत कॅमेरॉनला बेड्या घातल्या. चूकच. गोंदर जाळलं, कैद्यांना कड्यावरून ढकललं, त्याचं समर्थन मी करणार नाही. अण्णाही एकदा पोस्टमनवर ओरडले होते. त्या बिचाऱ्याचा काय दोष? संध्याकाळी त्यांनीच मला लाडवांचा डबा देऊन त्याच्या घरी धाडलं होतं.

राणीचं उत्तर निघालं ते कैदेची बातमी गेल्यावर. त्यानंतर फौज निघाली, आणि तीही कुठून? आपल्या मुंबईतून! मुंबईच्या लष्कराचा सेनापती नेपियर, तेरा हजारांच्या आसपास सैनिक, तोफा ओढायला ४४ हत्ती. हे आपल्याला कुणी कधी सांगितलं का?

संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. शेवटी तेवोद्रोसने युरोपीय कैदी सोडून दिले होते. ज्यांच्यासाठी मोहीम काढली ती माणसं सुखरूप छावणीत पोचली होती. तरी १३ एप्रिल १८६८ ला गडावर चढाई केलीच. त्याने स्वतःवर गोळी झाडली, राणीकडूनच भेट आलेल्या पिस्तुलाने. मग लूट. हस्तलिखितं, मुकुट, देवळातल्या पवित्र वस्तू. पंधरा हत्ती आणि दोनशेच्या आसपास खेचरं लागली म्हणे वाहायला.

आणि त्याचा पोरगा, अलेमायेहू. सात वर्षांचा. फौजेबरोबर नेताना आई वाटेतच मेली. त्याला इंग्लंडला नेलं, मधे काही काळ आपल्याकडे अवधमध्येही ठेवलं. त्याचे फोटो बघा एकदा, डोळे बघा. १८७९ मध्ये, अठराव्या वर्षी, फुप्फुसाच्या दुखण्याने गेला. विंडसरच्या चर्चमध्ये पुरलाय.

अण्णा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत सुतळीने बांधलेल्या पोचपावत्या सापडल्या. सगळ्यांवर सही, शिक्का. म्हणजे पत्रं पोचत होती.

अलेमायेहूच्या अस्थी परत द्या म्हणून इथिओपिया वर्षानुवर्षं मागतोय. २०२३ मध्ये ब्रिटिश राजवाड्याने उत्तर दिलं: आजूबाजूच्या इतर थडग्यांना धक्का लागेल, जमणार नाही.