शित्झूच्या शेंडीबद्दल, एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे वेगळं लिहितेय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शित्झू म्हणजे कुत्रं न्हवं, शेंडी बांधलेली बाहुली, चोर आला तर त्याला घर दाखवील, आणि मी ‘आज्ञाधारक, केस गळत नाहीत’ असं लिहिल्यामुळं तुमच्या मेव्हण्यांनी पिल्लू आणलं, त्याच्या अंगाची आता चटई झालीय.

चटईचं आधी घेते, कारण तिथं चूक माझी. केस फार कमी गळतात हे खरं, पण त्याच्या पुढचं वाक्य लिहायचं राहिलं. या जातीला केसांचे दोन थर असतात. सुटलेला केस सोफ्यावर पडायच्या ऐवजी वरच्या लांब केसांत अडकतो आणि तिथंच गुंता धरतो. वरनं बघितलं तर सगळं रेशीम. कानामागं बोट घाला, सुपारीएवढी गाठ लागते. आमच्या चिंगीच्या गाठींच्या जागा ठरलेल्या आहेत: कानामागं, पुढच्या पायांच्या खाकेत आणि पट्टा घासतो तिथं. पावसाळ्यात तर विचारूच नका. खांद्यापर्यंत उंची जेमतेम नऊ-दहा इंच, त्यामुळं रंकाळ्यावरनं एक फेरी मारून आलं की पोटाखालचे केस चिखलानं थबथबलेले. तसेच वाळू दिले की नमदाच.

‘आज्ञाधारक’ हा शब्दही मागं घेते. “ये” म्हटलं की चिंगी आधी माझ्या हाताकडं बघते. हातात काही असलं तर येते, नाहीतर मान फिरवून बसते. तिला कळतं सगळं, पटत नाही. शी-शूची शिस्त लावता लावता आमचं अख्खं वर्ष गेलं.

पण राखणीचं तुमचं मला मान्य नाही. ही जात राखणीसाठी कधी पाळलीच नाही. तिबेटी वंशाची, चीनच्या राजवाड्यात मांडीवर वाढलेली. नावाचा अर्थ ‘सिंह कुत्रा’, तो नुसता आयाळीपुरता. तुमचा कारवानी शिकारी कुत्रा, सशामागं पळायला तयार झाला, ही माणसाजवळ बसायला. सिलिंडर घेऊन येणाऱ्या दादांच्या पायात चिंगी लोळण घेते. माझ्या लाडानं ती बिघडलेली नाही, जातच तशी ओळखीअनोळखीचा भेद न करणारी. राखण पाहिजे असेल तर कारवानीच घ्या, मीही तेच सांगेन.

शेंडीला हसलात, ते मात्र लागलं. नाकाच्या वर यांचे केस शेवंतीच्या पाकळ्यांसारखे चहूबाजूंनी फुटतात आणि सरळ डोळ्यांत जातात. डोळे मोठे, खोबणी उथळ. केस टोचत राहिला तर बुबुळाला जखम होते. शेंडी नको असेल तर तिथले केस बारीक ठेवावे लागतात.

आता उन्हाळ्यात चकोट करायचं तुम्ही सुचवलंय त्याबद्दल. कुत्रं थंड होतं ते मुख्यतः धापा टाकून, आणि यांचं नाकाड मुळातच चेपलेलं. कातडीपर्यंत केस काढले तरी नाक लांब होत नाही, वर ऊन थेट कातडीला लागतं. इंचभर ठेवून कापावेत. एप्रिल-मेमध्ये आम्ही सकाळी सातच्या आत फिरून येतो, दुपारी चिंगी मोरीच्या फरशीवर पाय पसरून पडलेली असते.

आणखी एक. मेव्हण्यांना ते पिल्लू ‘टीकप’, म्हणजे कपात मावेल एवढी बारकी जात, म्हणून जादा पैसे घेऊन विकलंय, असं तुमच्या लिहिण्यावरनं दिसतं. अशी वेगळी जात नसते. शित्झू मोठेपणी साधारण चार ते सात किलो भरतं. त्याहून बारकं म्हणून कौतुक करू नका, एकदा डॉक्टरांना दाखवा.

गाठींचं सांगते. आंघोळ घालायच्या आधी विंचरायचं, ओली झाली की गाठ आणखी आवळते. आधी बोटांनी फोडायची, मग लोखंडी फणी, टोकाकडनं मुळाकडं. अगदी कातडीला चिकटलेली असेल तर घरच्या कात्रीनं कापू नका, गाठीबरोबर कातडी वर येते. आम्ही एकदा केलंय, दोन टाके पडले होते.