सांबाराची जुडी आणि माझ्या लेकीचे केस

आज सायंकाळी नागपूरच्या गोकुळपेठ बाजारात जे घडले ते घरी येऊन तीन तास झाले तरी मनातून जात नाही, म्हणून लिहीत आहे. माझ्या लेकीने भाजीवालीला विचारले, "मावशी, सांबाराची जुडी कितीची?" त्या बाईने तिच्याकडे नीट पाहिले आणि उत्तर तिला न देता माझ्याकडे वळून हिंदीत विचारले, "मॅडम, ये लडकी कहाँ की है? नेपाल की?" प्रश्न मराठीत होता आणि कोथिंबिरीला सांबार तर आपल्या विदर्भातलाच माणूस म्हणतो. तरीही कानांनी जे ऐकले ते डोळ्यांनी खोटे ठरवले, कारण दहा दिवसांपूर्वी माझ्या लेकीने केस सोनेरी करून घेतले आहेत.

ती नागपूरच्याच महाल भागात जन्मली, वाढली. माझ्या आईचा रुंद चेहरा आणि बारीक डोळे तिच्याकडे आले आहेत. बावीस वर्षांत या चेहऱ्यावरून तिला कोणी गाव विचारले नव्हते. चेहरा तोच आहे. पार्लरमध्ये मी तिच्या शेजारी बसून होते. ब्लीचमधले हायड्रोजन पेरॉक्साईड केसाच्या आत शिरून केसाला काळा रंग देणारे मेलॅनिन नष्ट करत जाते, आणि काळा केस आधी तांबूस, मग नारिंगी, मग पिवळा होत जातो. नाक, डोळे, हनुवटी यांना कोणी हात लावला नाही. मात्र काळ्या केसांची चौकट गेली की तीच त्वचा वेगळी दिसू लागते, तेच डोळे वेगळे वाटू लागतात, हे मलाही मान्य करावे लागते.

लेक मानसशास्त्र शिकते. तिने सांगितले, की अनोळखी चेहरा पाहताना आपण केस आणि चेहऱ्याची बाह्य कड यांवर अधिक विसंबतो, तर ओळखीच्या चेहऱ्यात डोळे-नाक-तोंड पाहतो. अमेरिकेत मॅक्लिन आणि मालपास या संशोधकांनी २००१ साली दाखवून दिले, की कोणत्या वंशाचा हे सांगता येऊ नये असा एकच चेहरा घेऊन नुसते केस बदलले, तर पाहणारे त्याला वेगळ्या वंशात टाकतात. मला ते लगेच पटले, कारण महालातल्या आमच्या नेहमीच्या भाजीवालीने तेच केस पाहून एवढेच विचारले होते, "काहून रंगवले व पोरी, चांगले होते की!" तिच्यासाठी ती आमचीच पोरगी राहिली. गोकुळपेठेतली बाई मात्र तिला आज पहिल्यांदाच पाहत होती.

माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. मी स्वतः दर वीस दिवसांनी पांढरे केस काळे करते. माझ्या सासूबाई मेंदी लावून केस लालसर करत असत. आम्हा दोघींना कधी कोणी विचारले नाही, की तुम्ही कुठल्या. काळा रंगही बाटलीतूनच येतो, पण तो लावला की माणूस "आपल्यातला" राहतो आणि सोनेरी लावला की "बाहेरचा" होतो, हा कुठला न्याय? आमच्या नणंदबाईंनी तर फोटो पाहून कळवले, की पुढच्या महिन्यात वर्ध्याच्या लग्नाला येताना पोरीचे केस काळे करून आणा, हे गोऱ्यांचे रंग आपल्याला शोभत नाहीत. सोनेरी केस गोऱ्यांच्या मालकीचे कधी झाले? सॉलोमन बेटांवरच्या गडद वर्णाच्या लोकांपैकी पाच ते दहा टक्क्यांचे केस जन्मतःच सोनेरी असतात, आणि त्यामागचा जनुकीय बदल युरोपातल्यापेक्षा वेगळा आहे, हे २०१२ साली सिद्ध झाले आहे.

त्या भाजीवालीच्या मनात वाईट काही नव्हते, हे खरे. तिने जुडीसोबत चार हिरव्या मिरच्याही घातल्या. लेकच म्हणाली, "मावशी, मी इथलीच व्हय, महालची, काहून विचारून राहिल्या?" आणि ती बाई मनापासून हसली. एका वाक्यात माझी लेक परत इथली झाली.

लिहिता लिहिता इथेच माझा राग थांबतो आहे. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपत नगरात नीडो तानिया या अरुणाचलच्या तरुण विद्यार्थ्याच्या रंगवलेल्या केसांवरून दुकानात टिंगल झाली, त्यातून भांडण आणि मारहाण झाली, आणि दुसऱ्या दिवशी तो मुलगा गेला. त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांना देशात इतरत्र येणाऱ्या अडचणी पाहण्यासाठी केंद्राने बेझबरुआ समिती नेमली. तो आपल्याच देशात होता, पण "मी इथलाच" एवढे म्हणून सुटण्याची सोय त्याला नव्हती.

आमच्या वरच्या खोलीत चार वर्षांपूर्वी इम्फाळची एक मुलगी भाड्याने राहायला आली होती. तिचे केस कोळशासारखे काळे, कमरेपर्यंत लांब. पहिल्या दिवशी चहा देताना मी तिला विचारले होते, "बेटा, नेपाल से हो क्या?" ती म्हणाली, "नहीं आंटी, मणिपूर से." मी "अच्छा" म्हटले आणि कप उचलून आत गेले. तिला असे किती घरांत सांगावे लागले असेल, हा विचार आज सांबाराची जुडी हातात असताना पहिल्यांदा माझ्या मनात आला. माझी लेक उद्या केस काळे करू शकते आणि तिच्यापुरता प्रश्न मिटतो. त्या मुलीचे केस तर काळेच होते.

नणंदबाई, तुम्हीही हे वाचालच. पोरगी लग्नाला याच केसांनी येणार आहे. मांडवात कोणी विचारले कुठली, तर महालची म्हणून सांगा.