‘लेट स्विंग’, दमट हवा आणि वारा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

क्रिकेटमधल्या स्विंगवर, म्हणजे चेंडूच्या हवेतल्या वळणावर, मी लिहिलेल्या लेखाला ‘एक जुना मध्यमगती’ अशी सही करून तुम्ही दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. शेवटच्या क्षणी वळणाऱ्या चेंडूला मी भास म्हटलं, दमट हवेचा संबंध नाकारला आणि वाऱ्याबद्दल एक अक्षरही लिहिलं नाही, या तीन गोष्टींचा तुम्हाला राग आला आहे. तीस वर्षं मैदानावर नवा चेंडू हाताळलेल्या माणसाला हे लागणारच.

‘भास’ हा शब्द मी मागे घेतो. चेंडू उशिरा हलतो हे खरंच आहे. मला एवढंच म्हणायचं होतं, की त्यासाठी चेंडूवरचा जोर शेवटी अचानक वाढावा लागत नाही. हिशोब करून बघू. ताशी ११० किलोमीटरने सोडलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचायला साधारण ०.६ सेकंद घेतो. टप्पा क्षणभर बाजूला ठेवू. शिवण, म्हणजे चेंडूभोवतीची टाक्यांची उंच कड, न डगमगता उभी राहिली, तर हवा चेंडूला बाजूला ढकलते तो जोर चेंडूच्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतो. हा जोर पूर्ण वेळ सारखाच धरला, तर चेंडू सरकतो एकूण ५३ सेंटीमीटर. पण हे सरकणं वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. पहिल्या ०.३ सेकंदात जेमतेम १३ सेंटीमीटर आणि उरलेल्या तेवढ्याच वेळात ४०! तिन्ही स्टंप मिळून रुंदी २३ सेंटीमीटर भरते, हे लक्षात घ्या. पाय कुठे टाकायचा हे फलंदाज ठरवतो ते त्या पहिल्या १३ सेंटीमीटरांवर. त्यामुळे ‘बॉल सरळ येत होता आणि ऐन वेळी निघाला’ असं फलंदाज म्हणतो, तेव्हा तो जे दिसलं तेच सांगत असतो.

दमट हवेबाबत मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. ‘पावसाळी हवा जड असते, म्हणून बॉल हलतो’ असं तुम्ही लिहिलंत. पाण्याच्या रेणूचं वजन १८, नायट्रोजनचं २८, ऑक्सिजनचं ३२. बाष्प हवेत शिरतं तेव्हा या जड रेणूंची जागा घेतं, म्हणून दमट हवा उलट हलकी होते. ३० अंश तापमानाला पूर्ण दमट हवा कोरड्या हवेपेक्षा दीडेक टक्क्याने हलकी भरते. आपल्याला ती जड वाटते, कारण घाम वाळत नाही. दमटपणामुळे शिवण फुगते, असंही मैदानावर सांगतात. शेफिल्ड हॅलम विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली वेगवेगळ्या दमट हवेत ठेवलेल्या चेंडूंची लेझरने मापं घेतली. आकारात दखल घेण्याजोगा बदल सापडला नाही.

तरीही ढगाळ दिवशी बॉल जास्त हलतो हा तुमचा अनुभव मी खोटा ठरवत नाही. स्विंगचं सगळं गणित चेंडूला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थरात आहे. शिवणीच्या बाजूचा थर खळबळतो आणि चेंडूला जास्त वेळ धरून राहतो. दुसऱ्या बाजूचा शांत असतो आणि लवकर सुटतो. या फरकामुळे चेंडू शिवणीच्या रोखाने वळतो. कडक उन्हात मैदान तापतं, गरम हवा वर उसळते, आणि त्या उसळीत शांत बाजूही बिघडत असावी. ढग आले की ही उसळी थांबते. हा तर्क त्याच संशोधकांनी मांडला होता आणि मला तो पटतो, पण अजून तो तर्कच आहे.

तुम्ही मुंबईच्या कांगा लीगचा दाखला दिलात. १९४८ पासून ऐन पावसाळ्यात, उघड्या विकेटवर चालत आलेली ही स्पर्धा. मला वाटतं, तिथे तुम्ही पाहिलेलं बरंचसं हलणं टप्प्यानंतरचं असावं. ओलसर मातीत शिवण रुतते आणि चेंडू तिथून निघतो. हवेतलं वळण वेगळं. त्याला मदत करणारी चकाकीही ओल्या चेंडूवर टिकत नाही.

वाऱ्याचा मुद्दा तुमचा पूर्ण बरोबर. मी हवा स्थिर धरली होती, ती माझी चूक. चेंडूला मैदानाशी देणंघेणं नसतं, समोरून येणाऱ्या हवेशी असतं. ताशी ११० किलोमीटरच्या चेंडूला २० किलोमीटरचा आडवा वारा लागला, तर हवेची दिशा सुमारे १० अंशांनी बदलते. स्विंगसाठी उभी शिवण समोरून येणाऱ्या हवेशी २० अंशांच्या आसपास तिरकी असावी लागते. म्हणजे वाऱ्याने कोन निम्म्यावर येऊ शकतो, किंवा दीडपट होऊ शकतो! एकाच गोलंदाजाचा आउटस्विंग (फलंदाजापासून बाहेर वळणारा चेंडू) एका टोकाकडून सुरेख पडतो आणि दुसऱ्या टोकाकडून चेंडू सरळच जातो, याचा बराचसा उलगडा इथे होतो. नवा चेंडू कुणाला कुठून द्यायचा हे जुने कर्णधार वारा बघून ठरवायचे, ते उगीच नव्हतं.

वाऱ्यावरचा हा परिच्छेद मूळ लेखात आज जोडला आहे आणि ‘भास’ हा शब्द काढला आहे. तुम्हाला कोणत्या टोकाकडून टाकायला आवडायचं, आणि तेव्हा वारा कुठून असायचा, हे आठवत असेल तर जरूर लिहा.