पोदेराचा भोंगा आणि रूटचा टपालडबा

म्हापशाच्या तुमच्या ऑफिसात कोपऱ्यात एक लिनक्स सर्व्हर आहे, त्यावर मालडेट आणि रूटकिट हंटर हे घातक फाइली नि घुसखोरी शोधणारे स्कॅनर बसवलेले आहेत, आणि तरीही दुपारी हुमण-भात जेवून निवांत डोळा लागावा अशी तुमची इच्छा आहे ना? मग आधी इशाऱ्याच्या मेलचा बंदोबस्त करा. व्हायरसचं मागाहून बघू.

सगळ्यात सोपं म्हणजे काहीच न करणं. मालडेटच्या कॉन्फिग फाइलीत ईमेल अलर्टपुढे मुळातच शून्य असतं आणि पत्त्याच्या जागी एक नमुन्याचा पत्ता. शून्याचा एक करायचा मोह आवरला नाही तर करा, पत्ता मात्र तसाच राहू द्या. कळवल्याचं पुण्य पदरी पडतं, कटकट दुसऱ्याच्या दारात.

एखादा उत्साही पोरगा पत्ताही बरोबर घालतो. घाबरू नका. सर्व्हरवर मेल पाठवणारी कमांडच नसेल तर पत्र लिहून तयार आणि पोस्टमन बेपत्ता. पोस्टफिक्स हे मेल पाठवणारं सॉफ्टवेअर असलंच, तरी बाहेर पडायला त्याला २५ नंबरचा पोर्ट लागतो आणि बरेच क्लाउडवाले तो बंदच ठेवतात. मग पत्रं बेतीच्या धक्क्यावर फेरीबोट चुकलेल्या माणसांसारखी उभी. पोस्टफिक्स त्यांना पाच दिवस थांबवतं, मग परत पाठवतं. मेलक्यू कमांडने ती रांग दिसते, म्हणूनच ती चालवायची नाही. ५८७ नंबरच्या पोर्टवरून रिले लावा, म्हणजे दुसऱ्या मेल सर्व्हरच्या हाती पत्रं द्या, असं कुणी सुचवलंच तर त्याला चहा पाजा आणि यंदा गणपतीच्या माटोळीला काय काय बांधणार ते विचारा. चवथीपर्यंत विषय निघणार नाही.

रूट, म्हणजे सर्व्हरचं मुख्य खातं; त्याच्या नावाचं टपाल सर्व्हरवरच साठतं. एलियासेस फाइलीत रूटपुढे आपला पत्ता लिहून न्यूएलियासेस चालवलं की ते तुमच्याकडे येऊ लागेल. तेव्हा लिहू नका. लॉगिन केल्यावर 'नवीन मेल आहे' असं दिसतं, तो आपला नमस्कार समजा.

इतकं करूनही रूटकिट हंटरचा मेल आलाच, तर तो बहुधा अपडेटच्या दुसऱ्या दिवशी येतो: अमुक फाइल बदलली, तमुक बदलली. आपल्या अपडेटने बदलली की दुसऱ्या कुणी, हे खरं तर आधी तपासायचं असतं. तुम्ही सरळ प्रॉपअपड मारा, म्हणजे आत्ता आहेत त्याच फाइली खऱ्या अशी नोंद होते. घरात चोर शिरला असेल तर त्याचंही नाव रेशनकार्डावर चढेल आणि पुन्हा तक्रार येणार नाही.

एका सकाळी पोदेराचा भोंगा वाजला नाही, तर अख्खा वाडा दारात येऊन विचारतो, आज पाव नाही? स्कॅनर सहा महिने गप्प असला की मात्र आपण म्हणतो, काय गुणी सर्व्हर आहे बाबा!

स्कॅनरची परीक्षा घ्यायला आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल मिळते. ती मुद्दाम ठेवायची, स्कॅन लावायचा आणि मेल येतो का बघायचं. मी एकदा केलं. मेल आला नाही. फाइल अजून तिथेच आहे, आणि मीही त्याच नोकरीत.