आधी बॉनेट उघडा, मग पाहू

गाडीसोबत कंपनी एक जाडसर पुस्तिका देते. तिचं प्लॅस्टिक फाडू नका. विम्याचे कागद, लग्नपत्रिका आणि पेट्रोलच्या पावत्या दाबून ठेवायला तिच्याइतकं सोयीचं वजन दुसरं नाही. आत काय लिहिलंय ते वाचत बसलात तर गाडीबद्दल स्वतःचं मत उरणार नाही, आणि मत नसलेल्या माणसाला आमच्या दर्यापूरकडे चौकात उभंही राहता येत नाही.

गाडी घरीच दुरुस्त करायची तर पहिलं काम बॉनेट उघडण्याचं. बिघाड कुठलाही असो. दाराची काच खाली येत नसेल तरी बॉनेट उघडा. ते वर गेलेलं दिसलं की निरोप धाडावा लागत नाही, पाच मिनिटांत सात-आठ जण कोंडाळं करतात. त्यांचा पहिला प्रश्न "काय झालं?" हा नसतोच. "कितीले पडली होती बावा?" हा असतो. तुम्ही आकडा सांगायचा, त्यांनी "बुडाले न भाऊ" म्हणायचं, आणि मग निदान सुरू होतं.

निदान कसं निघेल हे सांगणाऱ्याच्या धंद्यावर ठरतं. ट्रॅक्टरवाला म्हणतो, डिझेलनं हवा घेतली. गाडी पेट्रोलची आहे हे सांगून त्याचा हिरमोड करू नका. विहिरीवरच्या मोटारी बांधून देणारा म्हणतो, कंडेन्सर उडाला. लाइनमन अर्थिंगवर येतो. मोबाइलच्या दुकानातला पोरगा "सेन्सर" एवढंच बोलून पुन्हा स्क्रीनमध्ये डोकं घालतो. बहुतेक वेळा त्याचंच खरं निघतं, म्हणून त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही.

हत्यारांवर फार खर्च नको. एक पकड, एक पेचकस आणि बारा-तेराचा पाना. बोल्ट दहाचा असला तरी हाच पाना तिरपा करून लावा. बोल्टचे कोपरे झिजून गोल झाले की तो दुसऱ्या कोणालाच खोलता येत नाही आणि गाडी खऱ्या अर्थानं तुमची होते.

आता मुख्य दुखण्याकडे येतो. गाडी गरम होणं.

मे महिना होता, पारा 45 च्या पुढे. अकोटला लग्न. गाडीत पाच मोठे, दोन लहान, मांडीवर आहेराच्या पातेल्यांचा सेट आणि एसी फुल. निघालो तेव्हा तापमानाचा काटा मध्यावर होता, मग तो चढायला लागला. अशा वेळी काट्याकडे पाहू नये. मी पाहिलं नाही. माझ्या साळ्यानं पाहिलं.

"भाऊजी, काटा लालवर गेला न."

"ऊनच तसं हाय," मी म्हटलं.

दोन-तीन किलोमीटरवर बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली. खरं तर इथं गाडी सावलीत घ्यायची, एसी आणि इंजिन बंद करायचं आणि अर्धा-पाऊण तास मुकाट बसायचं, एवढंच काम असतं. पण नुसतं बसून राहिलो तर येणाऱ्या-जाणाऱ्याला काय वाटेल? म्हणून लगेच रेडिएटरचं झाकण खोलायचं. आतलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरलं की दाब सुटतो आणि त्या पाण्याची क्षणात वाफ होऊन ते कारंज्यासारखं तोंडावर येतं. तेव्हा झाकण कधीही स्वतः खोलू नका, साळा सोबत ठेवा. आमच्या साळ्यानं खांद्यावरचा दुपट्टा हाताला गुंडाळला होता म्हणून चेहरा वाचला. हात मात्र कोपरापर्यंत पोळला. लग्नात त्यानं अक्षता डाव्या हातानं टाकल्या.

मग पाणी. पुस्तिकेत म्हणे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचं मिश्रण घाला असं असतं. आपण पूर्णेच्या खोऱ्यातली माणसं. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून जो खारपाणपट्टा गेला आहे, त्यात जमिनीखालचं पाणी खारट लागतं. जे पाणी म्हैस हुंगून सोडते, ज्यानं बादलीला आतून पांढरा थर धरतो, ते रेडिएटरला मात्र मानवतं अशी आपली श्रद्धा आहे. बाजूच्या शेतातल्या बोअरचं पाणी कळशीनं आणा आणि तापल्या इंजिनात एकदम ओता. मीठ धातू खातं, क्षार नळ्यांत बसतात, आणि इंजिनच्या वरचं ॲल्युमिनियमचं झाकण, म्हणजे हेड, तापलेलं असताना अशा थंड पाण्यानं वाकडं होऊ शकतं. ते लगेच थोडंच होतं? लग्नाला तर पोचलो.

रेडिएटर गळत असेल तर हळद. गावोगावच्या ट्रकवाल्यांचा हा जुना उपाय आहे आणि तो अगदीच खोटा नाही, बारीक गळती थोडा वेळ थांबते. अडचण एवढीच की कुठलं भोक बुजवायचं आणि कुठलं उघडं ठेवायचं हे हळदीला कळत नाही. चिमूटभर सांगितली असेल तर वाटीभर टाका. पुढे मिस्त्रीनं आमचा रेडिएटर खोलला तेव्हा नळ्यांत पिठल्याची खरवड बसली होती.

परतीच्या वाटेवर आमच्या काकाजींनी थर्मोस्टॅट काढून फेकायला सांगितलं. "काहून पाह्यजे तो? इथं काय बरफ पडते काय?" थर्मोस्टॅटमध्ये मेणाची गोळी असते. पाणी साधारण 80-90 अंशांपर्यंत तापलं की ती वितळून फुगते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. झडप बंदच अडकली तर गाडी गरम होते हे काकाजींचं बरोबर. पण ती काढूनच टाकली की हिवाळ्यात इंजिन नीट तापत नाही, गाडीतल्या कॉम्प्युटरला वाटतं अजून सकाळच आहे, आणि तो जास्तीचं पेट्रोल पाजत राहतो. ॲव्हरेज पडलं की पंपवाला माप मारतो म्हणून बोंब मारायची. हा उपचार स्वस्त आहे आणि त्यात शेवटी दोष दुसऱ्याचा निघतो, म्हणून मला तो विशेष आवडतो.

चौथ्या दिवशी मी ऑइलची डिपस्टिक ओढून पाहिली. ऑइलचा रंग टपरीवरच्या फिक्या चहासारखा. काकाजी म्हणाले ऑइल पातळ झालं, अर्धा लिटर आणखी ओत. ओतलं. मग गाडी मिसिंग करायला, म्हणजे झटके खात चालायला लागली तेव्हा कुठे मिस्त्रीकडे नेली. त्यानं डिपस्टिक काढली, उजेडात धरली, बोटानं थेंब चोळला, बोट फडक्याला पुसलं. तोंडात खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचा घोटा होता, म्हणून आधी बाजूला जाऊन थुंकून आला.

"पानी ऑइलमंधी गेलं. हेड खोला लागते."

बस. ना चर्चा, ना गाडीची किंमत विचारली. हेड गॅसकेट, हेडची घासाई, नवं ऑइल, रेडिएटर, मजुरी. त्या पैशात म्हशीला पावसाळाभर सरकीची ढेप आली असती. तो नंतर एवढंच म्हणाला की काटा चढला तेव्हा थांबले असते तर एखाद्या पाइपावर किंवा पंख्याच्या फ्यूजवर भागलं असतं. कारण फॅन फिरतच नव्हता. बॉनेटभोवती त्या दिवशी आम्ही सगळे उभे होतो, पंखा फिरतो का हे मात्र कोणी पाहिलं नाही. ते फारच सोपं होतं.

बॅटरीचंही असंच. सेल्फ मारला की नुसतं कट्-कट् होतं, टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमलेली असते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा, दात घासायचा जुना ब्रश आणि टर्मिनल घट्ट आवळणं, दहा मिनिटांचं काम. पण दहा मिनिटांत बरी होणारी गाडी लोकांना दाखवायची कशी? सरळ नवी बॅटरी आणा. तीही दोन महिन्यांत बसली की मग डायनामोवर संशय घ्या. मोटारी बांधणाऱ्याकडे मल्टिमीटर असतो. बंद गाडीवर 12.6 व्होल्टच्या आसपास आणि चालू गाडीवर 14 च्या आसपास आकडा दिसला तर बॅटरी आणि डायनामो दोन्ही बहुतेक ठीक आहेत, हे तो फुकटात सांगेल. म्हणूनच त्याला विचारू नका.

ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून करंट घेताना लाल आणि काळं असा भेदभाव आपल्यासारख्या सुधारलेल्या माणसांनी करू नये. उलटं लागलं की एक छानशी ठिणगी पडते, फ्यूज जातात, नशीब जोरात असेल तर कॉम्प्युटरही जातो. धक्का स्टार्टसाठी पोरं जमवायची तर शाळा सुटायच्या वेळी जमवा. ऑटोमॅटिक गाडी धक्क्यानं सुरू होत नाही हे त्यांना शेवटच्या धक्क्यानंतर सांगा.

डॅशबोर्डवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला तर घरातली एक टिकली त्यावर चिकटवा. मरून रंगाची बरोबर बसते. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं आणि त्यात लावायचा स्कॅनर हल्ली स्वस्तात मिळतो, पण तो आणलात तर आणखी मजा आहे. तो पी0171 असा काहीतरी कोड दाखवतो, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. कोड फक्त तक्रार सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. एवढं थांबायचं कोणाला? महागडा ऑक्सिजन सेन्सर बदलून टाका. दिवा पुन्हा लागला की मग दिसेल की हवेच्या रबरी पाइपाला चीर गेली होती. दिवा लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसिंग करतंय आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या धूर साफ करणाऱ्या कन्व्हर्टरला भाजून काढतंय असा त्याचा अर्थ. त्यासाठी दोन टिकल्या लावा.

धुराचं थोडक्यात सांगतो. काळा म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, सतत पांढरा म्हणजे कूलंट सिलिंडरमध्ये उतरतंय. पण धूर मागून निघतो आणि आपण पुढे बसतो, तेव्हा तो मागच्याचा प्रश्न.

सोयाबीन निघालं की शेतातले उंदीर घराकडे सरकतात आणि बॉनेटखाली ऊब पाहून मुक्काम करतात. तंबाखूच्या वासानं ते पळतात असं ऐकून मी एक खर्रा घोटून आणला आणि पुडी बॅटरीशेजारी ठेवली. सकाळी इंजेक्टरच्या दोन वायरी कुरतडलेल्या होत्या आणि पुडी रिकामी. उंदरानं खाल्ला की गुराख्यानं, हे अजून ठरलेलं नाही.

ब्रेकबद्दल मात्र गंमत करत नाही. ब्रेक ऑइलच्या डबीत इंजिन ऑइल, गोडेतेल असलं काहीही टाकू नका. आतली रबरी सीलं फुगतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. झाकणावर डॉट 3 किंवा डॉट 4 लिहिलेलं असतं, तेच घाला आणि मिस्त्रीकडे जा. बाकी सगळ्यात पैसे जातात, यात माणूस जातो. झालं, आता पुन्हा मूळ विषयावर येतो.

मूळ विषयावर यायला वेळ नाही असं दिसतं. चौकात वडाखाली कोणाचं तरी बॉनेट वर झालं आहे, पांढरी गाडी, एमएच 30, म्हणजे अकोल्याकडचे पाहुणे. काकाजी आधीच पोचलेत आणि हात पाठीमागे बांधून आत वाकून पाहत आहेत. कोणीतरी कळशी आणायला पळालं. साळा पोळलेला हात खिशात घालून जरा लांबच उभा आहे. बारा-तेराचा पाना घेऊन निघतो. पेट्रोल आहे की डिझेल, ते तिथं गेल्यावर पाहू. आधी कितीले पडली ते विचारतो.