शरभ, गंडभेरुंड आणि तुमचे दोन स्टार

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत, ते असू देत. बदला असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही काढलेल्या मुद्द्यांतले निम्मे तरी बाकीचे ग्राहकही फोनवर विचारत असतात, म्हणून उत्तर इथंच, सगळ्यांसमोर देते.

ज्यांनी रिव्ह्यू वाचला नाही त्यांच्यासाठी: सरांनी आमच्याकडून, बेळगावहून, शरभ (पुराणातला सिंहासारखा प्राणी) आणि गंडभेरुंड (दोन डोक्यांचा पक्षी) अशा दोन मूर्तींची जोडी कोल्हापूरला मागवली. त्यांचं म्हणणं असं. फोटोत गंडभेरुंडाचे पंख मोरपंखी होते, घरी आले ते जांभळे. शरभाला आठ पाय असतात, आम्ही चारच दिले. मराठी माणसं असून कर्नाटक सरकारच्या बोधचिन्हातला गंडभेरुंड विकतो. हे सगळं नेटवरून फाइल उतरवून थ्रीडी प्रिंट मारलेलं प्लॅस्टिक आहे, आणि त्याला ३,८०० रुपये? गोकाकला शंभरात खेळणं मिळतं. वर पार्सल उशिरा आलं आणि शरभाच्या शिंगाचं टोक तुटलेलं.

आधी रंग. पंख जांभळे नाहीत सर, आणि खरं सांगायचं तर मोरपंखीही नाहीत. त्यांवर जो रंग आहे त्यात अभ्रकाचे बारीक कण असतात आणि प्रत्येक कणावर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर. उजेड त्या थरात शिरतो, परततो, आणि कुठल्या कोनातून बघता त्यावर निळा दिसायचा की जांभळा हे ठरतं. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर रंग फिरताना बघितलेत ना, तोच प्रकार. मोराच्या पिसातही निळा रंग म्हणून काही नसतोच. पिसाची बारीक रचनाच उजेडाला तसा परतवते. म्हणून तर हा रंग निवडला. साधा निळा मारला असता तर काम निम्म्या वेळात झालं असतं आणि पक्षी प्लास्टरचा वाटला असता.

हा रंग काळ्याच अस्तरावर खुलतो, पांढऱ्यावर उडून जातो. तुमच्या फोटोत तो शोकेसमध्ये दिसतोय, वरून पिवळा दिवा. पिवळ्या दिव्यात निळा उजेड मुळातच कमी, मग निळं परत येणार कुठून? सकाळी खिडकीत ठेवून हळूहळू फिरवून बघा. आमच्या पानावर दोन्ही फोटो शेजारी शेजारी आहेत, खिडकीतला आणि बल्बखालचा. एवढं करूनही एकच ठाम रंग हवा असेल तर पंख पुन्हा रंगवून देऊ, त्याचे पैसे नकोत. माझं मत विचाराल तर करू नका.

आता शरभाचे पाय. पुराणात आठ आहेत, हे तुम्ही बरोबर लिहिलंत. पण पाथरवटानं पुराण हातात धरून दगड फोडला नाही. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांच्या दरवाजांवरचे शरभ बघा, बहुतेक चार पायांचेच: अंग सिंहाचं, कुठं पंख, कुठं शिंग. जंजिऱ्याच्या दरवाजावर पंज्यांत हत्ती दाबून धरलेला प्राणी आहे, कुणी त्याला वाघ म्हणतं, कुणी शरभ. कर्नाटकच्या राजचिन्हात ढालीच्या दोन्ही अंगांना जे उभे आहेत तेही शरभच. त्यांना धड सिंहाचं आणि तोंड हत्तीचं. यातला खरा कुठला ते मला नका विचारू. मी किल्ल्याच्या दरवाजावरचा घेतला, कारण लहानपणापासून तोच बघत आले. आठ पायांचा हवा असेल तर ऑर्डरवर करू, पण तो वेगळा साचा आणि वेगळी किंमत. शिवाय पायांच्या त्या गर्दीत सिलिकॉन अडकतं आणि साचा लवकर फाटतो, तेही गणितात धरावं लागतं.

बोधचिन्हाचं म्हणाल तर गंडभेरुंड दोन्ही राज्यांपेक्षा म्हातारा आहे. शिमोगा जिल्ह्यात बळ्ळिगावीला १०४७ सालचा स्तंभ आहे, त्याच्या माथ्यावर हा बसलेला: धड माणसाचं आणि डोकी पक्ष्याची, दोन. राज्यांची वाटणी झाली १९५६ ला. आणि ही जोडी मी जुळवलेली नाही. शैव सांगतात, नरसिंहाचा राग उतरवायला शंकर शरभ झाला. वैष्णव सांगतात, मग नरसिंहानं गंडभेरुंडाचं रूप घेतलं आणि शरभाला आवरलं. जिंकलं कोण, ते तुम्ही कुणाच्या देवळात विचारता त्यावर आहे. एकाला काढलं तर दुसरा कुणाशी भांडणार? सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो तिथंच चालू दे. माझ्या टेबलावर हे दोघं शेजारी शेजारीच वाळतात.

प्रिंटचा आरोप मात्र मनाला लागला, लपवत नाही. संगणकावर मूर्ती घडवणारे चांगले कलाकार आहेत, त्यात कमीपणा काही नाही. आमची पद्धत तेवढी वेगळी. तारेचा सांगाडा, त्यावर अॅल्युमिनियमची फॉइल दाबून गोळा, वर इपॉक्सी पुट्टी. मूळ मूर्ती अशी एकदाच हातानं होते, तिच्यावरून सिलिकॉनचा साचा, साच्यातून रेझिनच्या प्रती. वडील बेळगावच्या उद्यमबागला फाउंड्रीत पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचे नमुने, करायचे. साचा कुठं दुभागायचा ते त्यांच्याकडूनच शिकले. तुमचा शरभ उलटा करा आणि पोटाखाली, जिथं रंग पातळ आहे तिथं, तिरप्या टॉर्चनं बघा. प्रिंटला गोलाईवर नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे थर दिसतात. तुम्हाला तिथं एक सांधा घासल्याची खूण आणि माझ्या कोरणीचे वेडेवाकडे ओरखडे दिसतील.

म्हणजे प्रती एकसारख्या, पण प्रत्येकीचं रंगकाम पहिल्यापासून. किंमत त्याची आहे. साच्यातून निघालेली मूर्ती साबणानं धुवायची, नाहीतर साच्याला लावलेल्या तेलकट थरावर रंग धरत नाही. मग प्रायमर, अस्तर, खाचांत पातळ गडद रंग सोडायचा, उंचवट्यांवर कोरड्या ब्रशनं उजळ रंग ओढायचा. डोळे सगळ्यात शेवटी. कोपरं टेबलावर, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवलेली, श्वास अर्धा सोडून थांबवलेला. ब्रश लोकांना वाटतो तितका बारीक नसतो. अगदी बारीक ब्रशवरचा रंग डोळ्यापर्यंत जाईतोवर सुकतो. पोट भरलेला पण टोक सुईसारखं, असा लागतो. बुबुळाच्या आत एक पांढरा ठिपका. गंडभेरुंडाला डोळे चार, आणि चौघांनी एकाच बाजूला बघायला पाहिजे. एक हुकला की चारही पुसायचे.

गोकाकचं नाव घेतलंत म्हणून त्या कारागिरांच्या वतीनंही बोलते. त्यांची लाकडी खेळणी, रंगवलेली फळं-भाज्या शंभरात मिळतात ती काम सोपं आहे म्हणून नव्हे. त्यांना जास्त कुणी देत नाही म्हणून. तो भाव माझ्यासमोर माप म्हणून ठेवू नका. उलट त्यांना दीडशे द्या.

उशीर पावसामुळं, ही सबब नव्हे, रसायन आहे. आमचं रेझिन दोन भागांचं. त्यातल्या एका भागाला पाणी लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मूर्तीत बुडबुडे धरतात. बेळगावचा जुलै तुम्हाला माहीतच आहे, भिंतीसुद्धा घाम सोडतात. अशा हवेत मॅट व्हार्निशही पांढरं मारतं. त्यात आमचे रंगारी त्या दिवसांत गणपतीच्या कारखान्यात असतात, आणि त्यांना मी अडवणार नाही. पावसाळ्यात पार्सल उशिरा निघेल हे ऑर्डर घेतानाच सांगतो, तुम्हालाही कळवलं होतं.

राहिलं शिंग. ते वाटेत तुटलं, भरपाई आमच्याकडून. टोक पेटीतल्या भुश्यात पडलेलं असेल, शोधा, टाकू नका. आणि कृपा करून घरी फेविक्विक लावू नका. नुसत्या चिकटवण्यावर ते पुन्हा तुटेल, आणि त्याचा पांढरा धूर रंगावर बसतो. फक्त शरभ पाठवा, गंडभेरुंड तिकडंच राहू दे. दोन्ही तुकड्यांत भोक पाडून आत पितळेची तार घालू, सांधा भरू, रंग जुळवू. कुरिअरचा जायचा-यायचा खर्च आमचा. टोक सापडलं नाही तर तसं कळवा, साच्यातून नवीन शिंग काढून ठेवते.