निरीक्षण विहिरीच्या पलीकडचं काय?

देशभरातल्या पाण्याचा नव्यानं आढावा घ्यावा, ही पाणीप्रश्नावरच्या एका लेखातली सूचना पटली. पण आढावा मुळात होतच नाही असा जो सूर त्यात लागलाय, तो बरोबर नाही. केंद्रीय भूजल मंडळ राज्यांना बरोबर घेऊन भूजलाचं मूल्यांकन करतंच. वर्षाला उपसता येण्याजोग्या भूजलाच्या तुलनेत उपसा ७० टक्क्यांपर्यंत असेल तर 'सुरक्षित', १०० च्या वर गेला की 'अतिशोषित'.

गोम आहे ती हा आकडा कुठून येतो त्यात. आपल्याकडे महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. टेप सोडायच्या आधी शेजारची मोटर तासभर चालली असेल तर नोंद तिथेच फसली. शिवाय या विहिरी बहुतेक उथळ, आणि खरा उपसा चाललाय तीनशे-चारशे फुटांच्या बोअरमधून! अधिसूचित क्षेत्रात (म्हणजे भूजल जपण्यासाठी सरकारनं जाहीर केलेल्या भागात) ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल विहीर नको असं २००९ चा राज्याचा कायदा सांगतो. पण मराठवाड्यात बोअरची गाडी रात्री कुठल्या शिवारात उभी असते ते गावाला विचारा. बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या कातळात, तर एका बांधावर पाणी लागतं आणि दुसऱ्यावर नुसता फुफाटा उडतो. तिथे अख्ख्या तालुक्याला एकच शिक्का मारून काय साधणार?

माझ्या मते आधी बोअरची गावनिहाय नोंद करा, खोलीसकट. जलसाठ्यांची पहिली गणना झाली, त्यात २४ लाखांवर तळी-बंधारे मोजलेच ना? मग बोअरच्या बाबतीत एवढा संकोच कशाला? (वीजजोडणीच्या याद्या महावितरणकडे आहेतच, तिथून तरी सुरुवात होईल.)